कडी झाळलेले रुपये

ईश्वरदासनं भिंगातून राणीचा मुकुट पाहिला, गालावरची झीज पाहिली आणि रुपया दुसऱ्या ढिगात टाकला. पुढ्यात चार ढीग होते: कोरे, बरे, झिजलेले आणि गुळगुळीत. नागपूरचे एक वकील जुने चांदीचे रुपये जमवत. त्यांच्यासाठी दुकानाचे मालक सेठजी खेड्यापाड्यांतून आलेले रुपये विकत घेत आणि ईश्वरदास त्यांची प्रत लावून देई.

गोंदियाच्या सराफ्यात तो एकतीस वर्षं पारखी होता. प्रत डोळ्यांनी लागायची, पण खरं-खोटं ठरायचं ते कानांनी. रुपया काळ्या दगडावर टाकायचा आणि ऐकायचा. आणि त्या साली, १९५४ मध्ये, पोळ्यापासून त्याचे कान दगा देऊ लागले होते. माणसांचं बोलणं समजे. रुपयाचा तो बारीक, लांबत जाणारा नाद मात्र अजिबात येईना. त्यानं हे कुणालाही सांगितलं नव्हतं. नुसत्या नजरेवर दिवस काढत होता.

तेवढ्यात तिघं जण दुकानाची पायरी चढून आली. पुढे मंगली नावाची म्हातारी, मागे तिचा थोरला मुलगा झामसिंग आणि सर्वांत मागे धाकटी सून दुर्पता. सौंदडच्या पलीकडे जंगलाला लागून त्यांचं गाव होतं. मंगलीनं फडकं सोडून सतरा रुपयांची माळ गादीवर ठेवली.

"आवाज काढून पाय, बाबूजी. बाजारात एका व्यापाऱ्यानं पायलन्. ठप वाजते म्हणे, खोटे हायेत. माह्या सासूची माळ हाये हे! पेटी हिच्याच खोलीत राह्यते. हिनंच बदलवले."

"मी हात नाही लावलो," दुर्पता म्हणाली. हे ती पुष्कळदा बोलून चुकली असावी. आवाजात जोर उरला नव्हता.

झामसिंग खाली पाहत म्हणाला, "पंचायनं सांगतलं, गोंदियाच्या पारख्याले दाखवा. खोटे निंगाले तं हिले मायेरी सोडून द्याचं. पोरगं आमच्याकडंच राहीन."

"पोरगं केवढं हाये?" ईश्वरदासनं विचारलं.

"दोन सालाचं," दुर्पता म्हणाली.

ईश्वरदासनं एक रुपया दोऱ्यातून काढून दगडावर टाकला. त्याला काही ऐकू आलं नाही. पुन्हा टाकला. रुपया मुका होता की आपला कान? चांदीचा कस कसोटीवर नीट उतरत नाही; आणि प्रत्येक रुपयाला कडी असल्यामुळे तागडीवरही भरवसा ठेवता येत नव्हता. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. 'खोटे' म्हणून टाकलं असतं तर कुणी शंका घेतली नसती. 'खरे' म्हटलं असतं तरी नाही.

"बोलो ना, ईश्वरदासजी," सेठजी म्हणाले.

"सेठजी, मले रुपयाचा आवाज ऐकू येत नाही," ईश्वरदास म्हणाला. "पोळ्यापासून."

सेठजींच्या हातातला पानाचा विडा तसाच राहिला. ईश्वरदासनं त्यांच्याकडे न पाहता ढिगातला एक खात्रीचा रुपया उचलला.

"माय, तू ऐक," तो मंगलीला म्हणाला आणि तो रुपया दगडावर टाकला. "कसा वाजला?"

"खणखण."

मग माळेतला टाकला. "आणि हा?"

"ठप." मंगली सुनेकडे वळली. "पायलीस?"

दुर्पतानं दाराची चौकट धरली. ईश्वरदासनं रुपया भिंगाखाली घेतला. अक्षरं नीट होती, कडेचे दाते सारखे होते, कुठे ओतीव कामाची खूण नव्हती. आणि मग त्याची नजर वरच्या कडीवर गेली. कडी झाळताना, वितळलेल्या धातूनं जोडताना, सोनारानं हात सैल सोडला होता. त्या धातूचा चांगला हरभऱ्याएवढा गोळा रुपयाच्या अंगाला चिकटला होता.

"माय, गळ्यात फास असला तं माणूस बोलंल का? ही कडी तोडू दे. डोळ्यासमोर तोडतो."

"माळ मोडून राहिला का, बाबूजी?"

"परत झाळून देतो. तूच निवड. तुले जे खोटे वाटते थे दे."

मंगलीनं वेळ घेऊन तीन काळवंडलेले रुपये निवडले. ईश्वरदासनं पहिल्याची कडी कापली आणि गोळा कानशीनं घासून साफ केला. सेठजींनी आपल्या हातानं तो तागडीत घातला. कोऱ्या रुपयापुढे तो गुंजभरही कमी भरला नाही. मग ईश्वरदासनं तो दगडावर टाकला.

त्याला काहीच ऐकू आलं नाही. पण मंगलीचा हात कानाकडे गेला, झामसिंगनं मान वर केली आणि सेठजी हसले.

"काय झालं?" त्यानं घाईनं विचारलं.

"बोलला," दुर्पता म्हणाली. "बाबूजी, रुपया बोलला!"

दुसरा बोलला, तिसराही बोलला. उरलेले चौदा त्यानं एकेक करून भिंगाखाली घातले. एकाच टाकसाळीचे, एकाच हातानं झाळलेले. "सतराच्या सतरा खरे," तो म्हणाला. "पंचायले सांगा, ईश्वरदासनं सांगतलं."

मंगलीनं रुपये एकेक करून फडक्यावर मांडले. मग झामसिंगला म्हणाली, "पंचायच्या समोर तू नको बोलू. मीच बोलीन."

तीन कड्या झाळून होईपर्यंत तिघं पायरीवर थांबली. सेठजींनी विडा तोंडात टाकला. "एकतीस साल, और पोळे से चुप! आवाज मैं सुन लूँगा. आँख तो आपकी है ना?"

ईश्वरदासला हसू आलं आणि डोळेही भरून आले. कड्या झाळायच्या निमित्तानं त्यानं मान खाली घातली.

माळ घेऊन ती तिघं गेली, तेव्हा तो दारापर्यंत आला. समोरच्या हातगाडीवर मंगलीनं भजी घेतली. पहिला द्रोण तिनं सुनेपुढे धरला. दुर्पतानं तो घेतला, सासूकडे पाठ फिरवली आणि उभ्याउभ्याच खाऊ लागली, भराभर, कालपासून पोटात काही नसल्यासारखी. मंगली दुसरा द्रोण हातात धरून, तिचं संपायची वाट पाहत, मागे उभी राहिली.