उरलेली सवलत

कवळीवाले काका माझ्याकडे मुदतीच्या महिनाभर आधी यायचे. बाकीची दुनिया शेवटच्या दिवशी, घोड्यावर बसून. मी लोकांचे प्राप्तिकराचे अर्ज भरून देते. स्टेशनरीच्या दुकानावरच्या दीड खोलीत माझं ऑफिस आहे. काका दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या बनवतात. सत्तरी ओलांडली तरी स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत, याचा त्यांना धंद्याशी बेइमानी केल्यासारखा संकोच वाटतो.

पूर्वी काकूही बरोबर असायच्या. त्या वाचनालयात फाटकी पुस्तकं चिकटवायच्या आणि त्यांचा पगार इतका तुटपुंजा, की कर लागायचा प्रश्नच नव्हता. कायदा असा आहे, की प्रत्येकाला वर्षाला ठरावीक करसवलत मिळते, आणि ज्याची पुरती वापरली जात नाही त्याला उरलेली जोडीदाराला देता येते. त्यासाठी एकपानी अर्ज असतो. एकाने भरायचा, दुसऱ्याने संमतीची सही करायची आणि माझ्यासारखीने तो पुढे पाठवायचा. त्यात ‘कारण’ नावाचा एक रकाना आहे, जो कुणीही भरत नाही. काकू मात्र दर वर्षी आधी पेन्सिलीने लिहून मग त्यावर शाई फिरवायच्या : ‘यांना जास्त लागते.’

“बघ, पोरी, सरकारदरबारी माझी अब्रू काढते,” काका म्हणायचे. माझी पन्नाशी उलटली, तरी त्या दोघांसाठी मी पोरगीच. मला आईवडील असे आठवतच नाहीत, त्यामुळे वर्षातून एकदा ती हाक ऐकायला मी किती आतुर असायचे, हे त्यांना मी कधी सांगितलं नाही.

तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. त्यांची कराची फाइल बंद करायचा अर्ज मी तयार करून काकांपुढे ठेवला, तेव्हा तो परत माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, “राहू दे गं. तिची फाइल कुणाच्या डोक्यावर बसलीय?” मीही आग्रह धरला नाही. नियमात बसत नव्हतं, पण काही वेळा नियमाकडे पाठ करून बसावं लागतं.

पुढच्या वर्षी कर कार्यालयाच्या नेहमीच्या पाकिटात काकूंचा सवलतीचा अर्ज आला. रक्कम पूर्वीइतकीच होती. कारणाच्या रकान्यात ‘यांना जास्त लागते’, आणि शाईच्या कडेने पेन्सिल डोकावत होती. मी कार्यालयाला फोन केला. तिथल्या कारकुनाने शांतपणे सांगितलं, “सही जुळते, बाई. फाइल चालू आहे. तक्रार कसली आहे तुमची?” मी फोन ठेवला. जुनाच अर्ज कुठेतरी अडकला असेल आणि आता पोचला असेल, अशी मी मनाची समजूत घातली आणि काकांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला आणि काही न विचारता सही केली.

त्याच्या पुढच्या वर्षी रक्कम निम्मी झाली. कारण होतं, ‘मला थोडे काम मिळाले आहे.’ काकांचा चेहरा खुलला. “तिला रिकामं बसवत नाही,” ते म्हणाले, आणि जाताना जिना अगदी हलक्या पावलांनी उतरले. मला मात्र त्या दिवशी दुसरा एकही अर्ज भरता आला नाही.

यंदा पाकीट वर्षाच्या सुरुवातीलाच आलं. ते न उघडताच मी काकांना बोलावून घेतलं. या वेळी काकू देत नव्हत्या, मागत होत्या. काकांच्या सवलतीतली उरलेली त्यांना हवी होती. उरलेली किती, हे ठरवायला देणारा वर्षातले किती महिने कमावणार आहे, ते लिहावं लागतं. तिथे त्याच अक्षरात ‘पाच’ लिहिलं होतं.

काका समोर बसले होते. मी त्या रकान्यावर सहज ठेवल्यासारखा हात ठेवला.

“हात काढ, पोरी. मला वाचता येतं.”

त्यांनी वाचलं. मग बोटांवर काहीतरी मोजलं. “दोन दवाखान्यांच्या ऑर्डरी होतील पुऱ्या. तिसऱ्याला नाही म्हणून कळवतो.”

“काका, सही करू नका,” मी म्हणाले. “संमती दिली नाही तर अर्ज रद्द होतो. बाकी काही होत नाही.”

“इतकी वर्षं ती देत आली, आणि मी घेताना एकदाही मागेपुढे पाहिलं नाही.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “पहिल्यांदाच काही मागतेय.”

सही करून त्यांनी अर्ज माझ्याकडे सरकवला. मी आजच पाठवते म्हणून सांगितलं. ते गेल्यावर मी तो खालच्या खणात ठेवला आणि किल्ली फिरवली. कुणाचीही फसवणूक न करता वीस वर्षं धंदा केला; ही पहिली.

पाचवा महिना संपेपर्यंत फोन वाजला की मी आधी कॅलेंडरकडे बघायचे. सहावा उजाडला. पहिल्या तारखेला, सकाळी दहाला, मी धीर करून काकांना फोन लावला. त्यांनी तिसऱ्या घंटीला उचलला. आवाज खणखणीत होता. मला रडू आलं, ते खोकल्यात लपवलं.

“बरी आहेस ना?” ते म्हणाले. “कालपासून तुलाच फोन करणार होतो. तो अर्ज गेला ना गं?”

“गेला की, काका. त्याच दिवशी.”

“मग बरं.” त्यांनी रिसीव्हर तोंडापासून थोडा दूर धरला असावा, आणि दुसऱ्या खोलीत कुणाला हाक मारावी तसे नेहमीच्या आवाजात म्हणाले, “अगं, पाठवलाय म्हणते.”

पलीकडे खुर्ची सरकल्यासारखं वाटलं. मग काका परत फोनवर आले, जरा ओशाळून.

“ती म्हणते, असू दे. पोरीवर रागावू नका. तिला जड जातंय, सवडीने पाठवू दे.”