आर्थरचं गाव टेकडीवर

दोन दारांचा पब.

वाटीभर मोहरी.

मोडलेलं खुब्याचं हाड.

मांडीएवढी जाड विलोची फांदी.

एक मावळा, भाल्यासकट.

यातलं हाड नर्स सुलेखाच्या शेजारी राहणाऱ्या आर्थरचं. ते मोडलं म्हणून म्हातारा न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलात, तिच्याच वॉर्डात होता. त्याचं जन्मगाव, इंग्लंडातलं लिटल विपल्टन, त्यानं परसात मांडलं होतं. गुडघ्याएवढं चर्च, तळं, सिमेंटची चिमुकली घरं. बायको गेल्यापासून ते गाव हाच त्याचा संसार. येईल त्याला कुंपणापाशी धरून तो इतिहास ऐकवायचा: प्लेगात अर्धं गाव कसं गेलं, अबोला धरलेल्या दोघा भावांनी एकाच पबला दोन दारं कशी पाडली.

"गावाकडे लक्ष ठेव हं," तो वॉर्डात रोज बजावायचा. "ते बघायलाच मी घरी यायचोय."

सुलेखानं शब्द दिला. आणि सत्त्याण्णवच्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, वाऱ्यानं त्या गावावरच फांदी पाडली. घरं शाबूत राहिली, पण सगळी उधळली. रस्ते, तळं, सगळ्याचा चिखल. आर्थर दुसऱ्याच दिवशी घरी यायचा होता.

"चर्च कुठे होतं गं?" नवऱ्यानं, शिरीषनं डोकं खाजवलं. "एखादा फोटो?"

"नाहीये. आणि देऊळ कुठे असतं? वर! माती आण."

पुण्यात लहानपणी दर दिवाळीला किल्ला केलेले हात ते. मातीला लागले आणि थांबेचनात. दगड रचून टेकडी उठली, माथ्यावर चर्च गेलं, वळणावळणाची वाट, पायथ्याशी वस्ती. जुनं हिरवळीचं मैदान आठवून तिनं मोहरी पेरली.

"आई, इट्स अ फोर्ट!" सलोनी किंचाळली.

"खेडं आहे ते. पाणी शिंपड."

"महाराजांना नाही बसवलंस, नशीब," शिरीष पुटपुटला.

सलोनीनं मात्र पबच्या दाराशी गुपचूप मावळा उभा केला.

दुसऱ्या दिवशी आर्थर वॉकर टेकत परसात आला. बघत राहिला. सुलेखाला वाटलं, म्हाताऱ्याचं गाव आपण बुडवलं.

"आर्थर, काल फांदी पडली आणि मी..."

"चर्च," तो म्हणाला, "टेकडीवर."

"सॉरी, मला वाटलं..."

"बरोबर आहे! रविवारी चढताना आईला धाप लागायची, म्हणायची ती. मीच चुकीचं मांडलं होतं." मग तो वाकला. "आणि हा कोण?"

"कॉन्स्टेबल," सलोनीनं ठोकून दिलं.

"अर्थात! भाला घेऊनच हिंडायचा तो. सगळं गाव टरकून असे." आर्थरनं खुर्ची मागवली आणि त्या कॉन्स्टेबलचा इतिहास सांगायला घेतला. शिरीषनं चहा टाकला.

लिटल विपल्टन सोडून आईवडिलांनी न्यूझीलंडची बोट धरली, तेव्हा आर्थर आठ महिन्यांचा होता.