जाळरेषा दाखवा, साहेब

मी एक जुनी जाळरेषा आहे. जाळरेषा म्हणजे काय हे तुमच्यापैकी फारसं कुणाला ठाऊक नसणार, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. डोंगरावर सरकारचं जंगल असतं. त्याच्या खाली माणसांची रानं असतात. दोन्हींच्या मधून जमिनीचा एक पट्टा मोकळा ठेवतात, दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढा रुंद. त्यावरचं गवत हिवाळ्यातच कापायचं आणि माणसं उभी करून जपून जाळून टाकायचं. मग उन्हाळ्यात वणवा आला की त्याला त्या पट्ट्यावर खायला काही मिळत नाही आणि तो तिथंच उपाशी मरतो. तो पट्टा म्हणजे मी. मित्रांनो, अंगावर काहीही नसणं हीच माझी नोकरी.

मलकापूर सोडून रत्नागिरी रस्त्याला लागलात की उजव्या हाताच्या एका डोंगराच्या कमरेला मी करगोट्यासारखी बांधलेली आहे. माझं एक टोक खाली डांबरी रस्त्याला टेकतं, दुसरं वर कड्यापाशी जातं. माझा जन्म कसा झाला हे मला नीट आठवत नाही. कुणीसा साहेब घोड्यावरून आला आणि त्यानं छडीनं हवेत एक रेघ ओढली, म्हणे. छडीची मूठ सोन्याची होती. मी पाहिली नाही, पण असणार. घोडाही पांढराच असणार.

माझी खरी उमेदीची वर्षं म्हणजे नव्वद सालानंतरची. तेव्हा आमच्या डोंगराला जोतीराम नावाचा गार्ड होता. गार्ड म्हणजे जंगलखात्याचा सगळ्यात खालचा खाकी माणूस. पौष लागला की तो खालच्या वाडीत जायचा आणि बुद्धविहारापुढच्या कट्ट्यावर बसून हाक द्यायचा, "पारूवैनी, लाईन वाढली की ओ!" मग पारूबाई बायकांचं टोळकं घेऊन यायची. तिचा आवाज असा होता की ती वाडीत खोकली तर कड्यावरची वानरं जागा बदलायची. बायका माझ्या दोन्ही कडा विळ्यानं साफ करायच्या. गवत दहिवरानं ओलसर असताना, वारा पडलेला बघून, वरच्या बाजूनं काडी लावायची आणि हातात हिरवे डहाळे घेऊन सगळ्यांनी दोन्ही अंगांना उभं राहायचं. ठिणगी उडाली की डहाळ्याचा फटका. एखादी बाई गप्पांत रंगली तर फटका तिच्याही पाठीत बसायचा, आणि तो पारूबाईचा असायचा.

पारूबाईला माझी एवढी काळजी का? तर माझ्या अगदी खाली तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, भाऊसोचा, उताराचा तुकडा होता. त्यात दोघांनी काजू लावली होती. पहिली दोन वर्षं खांद्यावरून घागरी वाहून जगवलेली. काजूच्या पानांत तेल असतं, आग लागली तर ती फटाक्यासारखी पेटतात. काजू आणि जंगल यांच्या मध्ये काय होतं? मी होते.

त्या वर्षांत मी काय काय पाहिलं ते सांगायला बसले तर तुमची शाळा बुडेल. एक बिबट्या रोज पहाटे माझ्यावरून फिरायला जायचा आणि समोरून जोतीराम आला की बाजूला होऊन त्याला वाट द्यायचा. पंचाण्णव साली एक वणवा आला. त्याच्या ज्वाळा एवढ्या उंच होत्या की घारी ज्वाळांच्या खालून उडत होत्या. तो गर्जत माझ्या कडेपर्यंत आला. मी म्हटलं, "परवाना दाखव." त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, ओढ्याच्या काठावर शेळी घुटमळते तसा घुटमळला आणि खाली मान घालून विझला. खोटं वाटत असेल तर पारूबाईच्या काजूला विचारा. त्या वर्षी तिच्या एकाही पानाला धग लागली नाही.

त्यानंतर कोल्हापूरहून एक मोठे साहेब आले. त्यांनी जीपमधूनच मला पाहिलं आणि म्हणाले, "व्वा! रेषा असावी तर अशी." मी त्या दिवशी जरा ताठ झाले. कौतुकानं मोठमोठी माणसं बिघडतात, मी तर जमीन.

मग नव्व्याण्णव साल उजाडलं. त्या वर्षी सरकारनं खूप झाडं लावायची ठरवली. चांगली गोष्ट आहे, मी नाही कशाला म्हणू? पण ठरलेली झाडं लावायला जागा सापडेना. तेव्हाचे रेंजर, म्हणजे जोतीरामचे वरचे साहेब, खालच्या रस्त्यावर जीप थांबवून डोंगर न्याहाळत होते. त्यांना काय दिसलं? मी.

"जोतीराम, ती जागा मोकळी दिसतेय."

"सायेब, ती लाईन हाय."

"मोकळी आहे ना?"

"मोकळीच ठेवायची असती, सायेब."

"मग अडचण काय? लाव."

जोतीराम काही बोलणार होता, पण साहेबांनी काच वर केली. काचेच्या आत गार्डाचा आवाज जात नाही.

पावसाळ्यात माझ्यावर खड्डे पडले आणि ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपं लागली. खड्डे मारायला जोतीराम आणि पाणी घालायला वाडीतल्याच बायका. पारूबाई कळशी ओतता ओतता म्हणाली, "जोतीभावजी, तुमच्या सायबाला परसात आड दिसला तर तो त्यात बी झाड लावंल."

"वैनी, गप ऱ्हावा. मला पोरंबाळं हायती."

"मला काय मांजरं हायती?"

दोघंही हसली आणि कामाला लागली. खरं सांगते मित्रांनो, मलाही वाईट वाटलं नाही. जन्मभर बोडकी राहिलेल्या माझ्या डोक्यावर पहिल्यांदाच सावली आली होती. माझ्या खालच्या टोकाला रोपवनाची हिरव्या रंगाची पाटी लागली. येणारे-जाणारे साहेब तिच्यापुढे उभे राहून फोटो काढत. मला वाटलं, आपण आता जंगल झालो. बढती झाली.

बढतीनंतर मात्र माझ्याकडे कुणी फिरकेना. झाडांना धक्का लागू नये म्हणून माझ्यावर विळा चालवायला बंदी आली, काडी लावायचा तर प्रश्नच नाही. पौष यायचा आणि जायचा, जोतीरामची हाक काही यायची नाही. पारूबाई एकदा-दोनदा मलकापूरच्या कचेरीत जाऊन आली. तिथं तिला सांगितलं, "बाई, तिथं रोपवन आहे, जाळरेषा नाही." ती म्हणाली, "मग जाळरेषा गेली कुटं? बदली झाली व्हय तिची?" कारकून हसला. काम झालं नाही. बाभळी भराभर वाढल्या आणि त्यांची लांब, वाकडी, चामड्यासारखी पानं वाळून माझ्यावर गुडघाभर साचली. बिबट्यानंही फिरायची वाट बदलली. माझ्यावरून चालताना फार आवाज होतो, असं त्याचं म्हणणं पडलं.

दोन हजार तीनचा मार्च. त्या दिवशी सकाळी भाऊसोनं आपला तरवा भाजला होता. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण आणि पालापाचोळा पसरून ती भाजून काढतात, त्याला आमच्याकडे तरवा भाजणं म्हणतात. सगळा मुलूख भाजतो. भाऊसोनं तो भाजला, राखेवर पाणी मारलं आणि जेवायला घरी गेला. दुपारी आग लागली ती खाली रस्त्याच्या बाजूला, हिरव्या पाटीच्या बुडाशी. कुणाची विडी, कुणाचा टाकलेला जळता बोळा, मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर चारचौघांत सांगितलं असतं. आग रस्त्याकडून आली, एवढं मात्र मी शपथेवर सांगते.

आणि मित्रांनो, जिनं आग थांबवायची ती मीच पेटले. माझ्या अंगावरच्या पानांनी ती ठिणगी उचलली आणि समईच्या वातीसारखी खालपासून वरपर्यंत नेली. वाटेत एका हातानं जंगलाला दिली, दुसऱ्या हातानं पारूबाईच्या काजूला. वाडीतली माणसं डहाळे घेऊन धावली. पारूबाई सगळ्यांच्या पुढं होती. पण उभं राहायचं कुठं? पूर्वी बायका जिथं उभ्या राहून आग मारायच्या, तिथंच आग उभी होती. इथं मी काही वाढवून सांगत नाही. काजू पेटल्याचा आवाज तासभर येत होता आणि मग येईनासा झाला. घरं वाचली, कारण मधल्या ओढ्याला थोडं पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी जीप आली. रेंजर साहेब नवे होते, वर्षभरापूर्वीच आलेले. चौकशीत कळलं की काल वाडीत एका माणसानं आग पेटवली होती. झालं, भाऊसोचं नाव निघालं. त्या दिवशी निम्म्या मुलुखात तरवे भाजले गेले होते, मग पहिलं नाव भाऊसोचंच का निघालं, हे तुम्ही जरा मोठे झालात की तुम्हाला आपोआप कळेल. जंगल जाळल्याचा गुन्हा. भाऊसोला जीपमध्ये बसायला सांगितलं.

भाऊसो मुळातच कमी बोलणारा. त्याच्या भुवया जळल्या होत्या. तो एवढंच म्हणाला, "सायेब, माझा तरवा सकाळीच इजला. वर पाणी मारलतं."

"ते मलकापूरला बोलू."

तेवढ्यात पारूबाई आली. काळीठिक्कर, पदर जळलेला. तिनं नवऱ्याचा दंड धरला.

"पावणं, जरा थांबा. माझ्या मालकाला सोताची काजू झाडावरच भाजून खायची हौस आलती व्हय?"

मागं उभ्या असलेल्या बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. साहेब रागावले. "बाई, सरकारी कामात अडथळा आणू नका."

"न्हाय आणत. आमची चूक आसंल तर मी बी गाडीत बसती. पर एक दावा मला. आग लागली तर ती अडवायला सरकारची लाईन आसती. ती कुटं हाय? ती दावा, आन् मग खुशाल न्या."

साहेब म्हणाले, "आहे की. चला, दाखवतो." त्यांना खरोखरच वाटत होतं की मी आहे. त्यांनी कचेरीतल्या नकाशावर माझी लाल रेघ पाहिली होती.

मग सगळी वरात निघाली. पुढं साहेब, मागं जोतीराम, त्यामागं भाऊसोचा दंड न सोडलेली पारूबाई आणि अख्खी वाडी. साहेब राखेतून चालत होते. बुटांतून वाफ येत होती. काळ्या बुंध्यांच्या मधून ते वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "इथंच कुठंतरी असायला पाहिजे," म्हणाले. घामानं त्यांचा शर्ट पाठीला चिकटला. मला हसू येत होतं, पण जळलेल्या अंगानं हसता येत नाही.

शेवटी ते थांबले. "जोतीराम, जाळरेषा कुठं आहे?"

जोतीरामनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. त्याला नोकरीची थोडीच वर्षं राहिली होती. त्यानं आधी भाऊसोच्या भुवयांकडे पाहिलं आणि मग साहेबांच्या बुटांकडे.

"सायेब, आपण उभं हाईसा ती."

साहेबांनी पायाखाली पाहिलं.

"इथं झाडं कुणी लावली?"

"मी लावली, सायेब. म्हंजी खड्डं मी मारलं. लाव म्हणून सांगितलं सायबांनी."

"आन् पाणी मी घातलं," पारूबाई म्हणाली. "तवा मी, जोतीभावजी आन् आमचं मालक, तिघं बी येताव गाडीतनं. पर लाव म्हणल्यालं सायेब कुटं हायती? त्यास्नी बी बोलवा की."

"ते बदलून गेले."

"मानूस बदलून जातंय. खुर्ची कुटं जाती? ती हाय न्हवं मलकापुरात? आता तिच्यावर तुमी बसलायसा. मग आमी कुणाला इचारायचं? बाभळीला?"

साहेबांनी रुमालानं तोंड पुसलं. रुमाल काळा झाला. तो घडी करून त्यांनी खिशात घातला. मग म्हणाले, "चूक खात्याची आहे. भाऊसो, तुम्ही घरी जा."

मित्रांनो, बिबट्यानं गार्डाला वाट दिली, हे तुम्ही निमूटपणे ऐकून घेतलंत. घारी ज्वाळांखालून उडाल्या, तेही ऐकलंत. आता मात्र तुम्ही एकमेकांकडे बघताय. पण हे मी माझ्या अंगावर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलं आहे, आणि आयुष्यात एकदाच ऐकलं आहे.

जळून गेलेली काजू त्या वाक्यानं परत आली नाही. भाऊसोनं नवी लावली, ती आता कुठं खांद्याला लागलीय. साहेबांनी बाभळीची खोडं काढून मला पुन्हा मोकळी केली. वाडीनं मात्र एक अट घातली. दर पौषात जो कुणी रेंजर असेल त्यानं वाडीबरोबर माझ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. जीपमधून नाही, पायांनी. साहेब कबूल झाले आणि असेपर्यंत चालले. त्यांच्यानंतरचे निम्म्यापर्यंत आले. त्यांच्यानंतरच्यांनी खाली उभं राहून दुर्बीण लावली. जोतीराम निवृत्त होऊन गावी गेला.

आता दोन हजार आठ साल चाललंय. पौष संपत आला, माझ्यावरचं गवत कमरेला लागलंय आणि वाळून पिवळं पडलंय. मला पाय नाहीत, नाहीतर मीच मलकापूरला जाऊन आले असते. तुमच्या गावाजवळही सरकारी डोंगर असेल. तिथंही माझी एखादी बहीण असेल, निदान नकाशात तरी असेल. ती खरोखर आहे का, हे उन्हाळा यायच्या आधी जाऊन बघा. तिची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्यालाही बोलवा. आणि नुसती उत्तरं ऐकून घेऊ नका, त्याला बरोबर चालवा.

आज सकाळी खाली रस्त्यावर जीप थांबलीय. आत कुणी नवे साहेब आहेत. काच थोडी खाली करून त्यांनी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या पारूबाईला विचारलं, "बाई, ती जाळरेषा कुठं आली?"

"हितनं न्हाय दिसायची, पावणं," पारूबाई म्हणाली, आणि तिनं जीपचं दार उघडून धरलं.