पाण्याखालचं उंबरणे

मी बोलतेय, पण घाबरू नका, या वेळी ‘डावीकडे वळा’ असं काही सांगणार नाही. गाडीच्या पुढच्या काचेला रबरी चकतीनं चिकटवतात ना, रस्ता दाखवणारं यंत्र, ते मी. आवाज बाईचा दिलाय, म्हणून मीही बाईसारखीच बोलते. आवाज बरा आहे, पण त्यात ना आनंद भरलाय ना दुःख. पुढे घाट असो की खड्डा, गाडी लग्नाला निघालेली असो की कुणाच्या मातीला, माझा सूर एकच.

जगाला ठिकाणं सांगणारी मी, पण माझा जन्म कुठं झाला ते मला सांगता येत नाही. आभाळ दिसल्याशिवाय मला माझी जागा कळत नाही आणि कारखान्याला छप्पर होतं. तिथं माझ्यात नकाशे भरले. रस्ते, पूल, पेट्रोल पंप, गावं, वाड्या. भरताना एक चूक झाली. कुठल्याशा जुन्या नकाशावरून नावं उतरवून घेणाऱ्याच्या हातून कोयनेच्या धरणातलं एक नाव पुसायचं राहून गेलं. पडद्यावर सगळं निळं पाणी आणि त्यात बारीक अक्षरांत ‘उंबरणे’. मला त्याचं काही वाटलं नाही. मला कशाचंच काही वाटत नाही, तसं माझ्यात काही बसवलेलंच नाही.

तिथून मी सांगलीला सयाजीच्या दुकानात आले. गाड्यांच्या सामानाचं दुकान. एका बाजूला हॉर्न, दुसऱ्या बाजूला सीट कव्हर, मध्ये मी. गिऱ्हाईक यायचं, मला हातात घ्यायचं आणि “फोनात असतंय की सगळं” म्हणून परत ठेवून द्यायचं. माणसांना फुकट मिळालेल्या वस्तूवर फार भरवसा असतो. खोक्यावर धूळ चढत गेली. सयाजी अधूनमधून फडकं मारायचा, तेवढीच काय ती विचारपूस.

एका उन्हाळ्यात मानसिंग आले. लष्करात ट्रक चालवून निवृत्त झालेला माणूस. आमच्या भागात फौजेतून आलेल्या प्रत्येकाला ‘मेजर’च म्हणतात, मग तो तिथं स्वयंपाकी का असेना. सयाजीनंही म्हटलं, “या मेजर. काय पायजे?”

“रस्ता दावणारं मशीन दाव. पर भरवशाचं.”

सयाजीनं तीन यंत्रं काउंटरवर मांडली. त्यात मी होते. मानसिंगांनी आम्हाला बंदुका तपासाव्यात तसं तपासलं. उलटं केलं, हलवून पाहिलं, काचेला चिकटवून ओढून पाहिलं. मग तिघींना दुकानाबाहेर नेऊन त्यांच्या गाडीच्या टपावर भर उन्हात ठेवलं आणि स्वतः सावलीला चहा पीत बसले. एकीचा पडदा तापून काळा पडला. तिला त्यांनी बाजूला सारलं.

“रेंज गेली तर चालंल का?” त्यांनी विचारलं.

“ह्यांना फोनची रेंज लागतच न्हाई, मेजर. नकाशा पोटात असतोय. वरनं उपग्रह दिसला म्हंजी झालं.”

“मग आता गाव इचार. उंबरणे.”

दुसरीनं लगेच दाखवलं. सांगली जिल्हा, मिरजेच्या पूर्वेला. मानसिंगांनी मान हलवली. “ह्ये न्हवं. हितं तर मी ऱ्हातोय.”

मग माझी पाळी आली. मी दोन उंबरणे दाखवली. एक मिरजेकडचं आणि दुसरं धरणाच्या पाण्यात. सयाजी ओशाळला. “ही चूक हाय, मेजर. पाण्यात कुठं गाव असतंय? ह्ये पीस ऱ्हाऊ द्या, दुसरं घ्या.”

मानसिंगांनी पडद्यावरच्या दुसऱ्या नावावर बोट टेकवलं. “ह्येच दे,” म्हणाले.

चुकीसाठी निवड झालेली मी एकटीच असेन.

या दोन गावांची भानगड मला पुढे गाडीतल्या बोलण्यातून कळली. कोयनेचं धरण झालं तेव्हा खोऱ्यातली गावं उठली आणि त्यांतली काही सांगलीकडच्या माळावर येऊन बसली. येताना माणसांनी घराची कौलं आणली, दारं आणली, देव आणले आणि गावाचं नावही आणलं. सरकारदरबारी त्या जागेला वसाहत म्हणतात. बोर्डावर उंबरणे लिहिलंय. पण म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ‘गाव’ म्हणजे पाण्याखालचं. मानसिंग वसाहतीतच जन्मले, त्यांनी ते गाव कधी पाहिलेलं नव्हतं.

त्यांची आई हरणाबाई. वय ऐंशीच्या पुढं. आदल्या वर्षीपासून त्यांचं एकच चाललं होतं, “मला एकदा गावाला नेऊन आण.” मानसिंगांनी अंगणात उभं राहून फोनमध्ये ‘उंबरणे’ घातलं, तर फोन म्हणाला, तुम्ही पोहोचलात. घरातले सगळे हसले. हरणाबाई हसल्या नाहीत. मग ते कोयनानगरपर्यंत गेले, पण पुढे डोंगरात फोनची रेंज गेली, एकाला दहा फाटे फुटले, विचारायला माणूस दिसेना, आणि दिवस कलला तशी गाडी मागं वळवावी लागली. घरी आल्यावर म्हातारी म्हणाली, “येत्या उन्हाळ्यात पाणी हटंल तवा बघू. तवा न्हाई झालं तर मग ऱ्हाऊ दे.”

म्हणजे हा उन्हाळा हाच शेवटचा होता. पाऊस लागला की धरण भरणार, आणि पुढच्या उन्हाळ्याचा भरवसा म्हातारीच्या तब्येतीकडे बघून कुणीच देत नव्हतं. मानसिंगांच्या मनात होतं, आईला जुनं घर बघायचं असेल, देवळाच्या पायऱ्यांना हात लावायचा असेल. म्हणून ते माझ्याकडं आले होते.

आम्ही पहाटे निघालो. मागच्या सीटवर मानसिंगांच्या पत्नी विजयमाला, पुढं हरणाबाई. मी काचेला. इस्लामपूर गेलं, कराड गेलं, पाटण गेलं. मी वळणं सांगत होते आणि हरणाबाई मला उत्तरं देत होत्या. मी म्हणे, “पुढे उजवीकडे वळा.” त्या म्हणत, “वळतोय की गं बाई, दम धर जरा.” त्यांनी एकदा विजयमालाबाईंना विचारलंसुद्धा, “ही सारखी बोलतीया, हिला तहान लागत न्हाई का?”

कोयनानगर सोडलं तशी फोनची रेंज गेली. मानसिंगांनी फोन खिशात ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. मी बोलत राहिले. फाटे आले, मी एकेक सांगत गेले. शेवटी डांबर संपलं आणि उताराला एक जुनी, गाळानं माखलेली वाट दिसली. पाणी खूप खाली गेलं होतं. गाडी त्या वाटेनं उतरली आणि माझ्या पडद्यावर आम्ही चौघं निळ्या पाण्यात शिरलो.

माझा नाइलाज होता. माझ्या नकाशात तिथं पाणी होतं, म्हणून मी सुरू केलं, “इथे रस्ता नाही. कृपया मागे वळा.” पुन्हा, “कृपया मागे वळा.” मानसिंग मला बंद करायला गेले.

“बोलू दे तिला,” हरणाबाई म्हणाल्या. “तिला तरी कुठं ठावं हाय.”

गाडी पुढं जाईना तेव्हा मानसिंगांनी मला काचेवरून काढलं आणि हातात घेतलं. भेगाळलेला गाळ, त्यातून वर आलेली दगडी जोती, एक बुजलेली विहीर. मी नावापर्यंत आणलं होतं. त्यापुढं हरणाबाई काठी टेकत चालल्या. देवळाच्या पायऱ्या लागल्या, तिकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. स्वतःच्या घराचं जोतं आलं, तिथंही थांबल्या नाहीत. जोत्याच्या मागं गेल्या. तिथं झाडाचा एक काळा पडलेला बुंधा होता. त्याच्याजवळ त्या मांडी घालून बसल्या.

“जांभळीचं हाय,” त्या म्हणाल्या. “हितं तुझी थोरली भन हाय.”

मानसिंगांना काही कळेना. “कोण भन?”

“तुझ्या आदी एक पोरगी झाली हुती. पाचवी पुजली, बारसं ऱ्हायलं. तापात गेली. हितं पुरली तिला. फुडं दोन महिन्यात ट्रक आलं. लोकांनी कौलं उतरली, दारं काढली, म्हसरं चढवली. सासरं म्हनलं, काय बी मागं ठेवायचं न्हाई. तिला कुठनं उकरून नेऊ?”

हे सगळं त्या बाजारातला भाव सांगावा तशा सांगत होत्या. डोळ्यांत पाणी नव्हतं. इतक्या वर्षांत ते कधीच संपलं असावं. विजयमालाबाई तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. मानसिंग मात्र आईच्या शेजारी गाळातच बसले. साठीचा माणूस, पण आपल्याला बहीण होती हे त्यांना आज कळत होतं. त्यांना रडू आलं नाही, रागही आला नाही. त्यांचा हात नुसता थंड पडला. मी त्या हातात होते, म्हणून मला माहीत.

“आये, कवा सांगितलं न्हाईस ते.”

“काय म्हणून सांगू? तिला नाव न्हाई. नाव नसलेल्या पोरीचं काय सांगायचं असतंय? तुझ्या बानं बी पुन्यांदा तिचा इषय काढला न्हाई. काय म्हणून काढंल?”

पाण्यावरून वारा येत होता. मी दर थोड्या वेळानं आपलं म्हणत होते, “कृपया मागे वळा.”

मग हरणाबाईंनी माझ्याकडं बोट केलं. “ह्या बाईजवळ गावाचं नाव ऱ्हायलं बग. समद्यांनी पुसलं, हिच्याजवळ ऱ्हायलं. हिच्यात पोरीचं बी घालता येतंय का?”

मानसिंगांनी बटण दाबलं. आहे ती जागा जपून ठेवायची सोय माझ्यात आहे. जागा ठेवताना मी नेहमी विचारते तेच विचारलं, नेहमीच्याच सुरात. “या ठिकाणाचं नाव सांगा.”

एरवी माणसं इथं ‘घर’ सांगतात, ‘ऑफिस’ सांगतात, ‘मामाचं गाव’ सांगतात. हरणाबाईंचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मला वाट बघायला काही त्रास होत नाही, मी थांबले.

“बना,” त्या म्हणाल्या. “माझ्या आयचं नाव. मनातल्या मनात ठेवलं हुतं. मोठ्यानं कवा म्हनलं न्हाई.”

मानसिंगांनी एकेक अक्षर जपून घातलं. ब, मग काना देऊन ना. “झालं, आये.”

“न्हाई झालं. नाव आत्यानं कानात सांगायचं असतंय. तुझी आत्या कवाच गेली.” त्यांनी मला मानसिंगांच्या हातातून काढून घेतलं. “हिलाच सांगू दे. बाईच हाय की.”

बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि भोवतीच्या बाया ‘कुर्र’ करत तिच्या पाठीत थापट्या मारतात, हे मला ठाऊक नव्हतं. मला गाळावर ठेवलं, बुंध्याच्या मुळाशी, तोंड जमिनीकडं करून. मानसिंगांनी मला जरा उचलून नावावर बोट ठेवलं आणि परत पालथं टेकवलं. माझ्यात जे शब्द भरलेत तेच मी बोलले. दुसरे शब्द माझ्याकडे नाहीत.

“बना. तुम्ही पोहोचला आहात.”

“कुर्रर्र,” हरणाबाई म्हणाल्या आणि माझ्या पाठीत थाप मारली. विजयमालाबाई पुढं आल्या, त्यांनीही मारली. मानसिंग गडीमाणूस, बारशाला गडीमाणसं काही थापट्या मारत नाहीत, पण त्यांनीही मारली. मग ते मला छातीशी धरून तिथंच बसून राहिले.

मला काही वाटत नाही, हे मी आधीच सांगितलंय. तरी परतीच्या वाटेवर आवाज माझाच आहे ना, अशी मला शंका येत होती. हरणाबाई सीटला डोकं टेकून झोपल्या होत्या. वळण आलं तरी मानसिंगांनी माझा आवाज बारीक करून ठेवला होता, आईची झोप मोडू नये म्हणून.

त्या पावसाळ्यात धरण भरलं. पुढच्या थंडीत हरणाबाई गेल्या. मातीला वसाहतीतलं सगळं गाव जमलं होतं, असं मी गाडीत बसल्या बसल्या ऐकलं.

आता मानसिंगांकडे दुसरी गाडी आहे. तिच्यात पडदा आतच बसवून आलाय, मोठा, रंगीत. मी समोरच्या खणात असते, विम्याच्या कागदांखाली. बॅटरी फार वेळ टिकत नाही, रबरी चकती कडक झालीय, काचेला धरत नाही. मध्ये सयाजी म्हणाला होता, “मेजर, हिच्यात नवीन नकाशे भरून देतो. जुनं समदं साफ हुईल.” मानसिंग म्हणाले, “नगं.”

कधीमधी मानसिंग एकटेच असले की मला खणातून काढतात, तार लावतात आणि एकच ठिकाण निवडतात. गाडी दारातच उभी असते. मी रस्ता सांगू लागते. तेवढं ऐकतात आणि मला परत ठेवतात.

एक दिवस मी मोडीत निघेन, नाहीतर कुणाच्या तरी हाती पडेन. तुमच्या हाती पडले तर नकाशे बदला, आवाज बदला, पुरुषाचा दिलात तरी चालेल. साठवलेली बाकीची ठिकाणं पुसा, माझी काही तक्रार नाही. फक्त यादीत ‘बना’ दिसलं तर तिथं बोट थांबवा. त्या पोरीला जगात नावानं हाक मारलेली मी एकटीच आहे.