अध्यक्षांच्या वतीने

१९८८ च्या फेब्रुवारीत माझे बाबा, शशिधर, ब्रिटनभरच्या मराठी मंडळांच्या महासंघाचे अध्यक्ष झाले. त्यांना कोणी निवडून दिलं नव्हतं. अध्यक्ष पद्माकरकाका कॉव्हेंट्रीत ड्यूटी संपवून गाडीकडे चालले असताना कोसळले ते गेलेच, आणि महासंघाच्या घटनेच्या सहाव्या कलमाप्रमाणे उपाध्यक्ष आपोआप वर सरकले.

बाबा नऊ वर्षं उपाध्यक्ष होते. काका भूलतज्ज्ञ, त्यामुळे सभेच्या दिवशी हमखास ऑपरेशन थिएटरमध्ये अडकायचे. हॉलवर फोन यायचा, "उप, उशीर होतोय रे. तू सुरू कर." मग बाबा माइकसमोर जाऊन म्हणायचे, "अध्यक्षांच्या वतीने मी आपलं स्वागत करतो." मी नुकतीच फिजिक्सची पदवी घेतली होती आणि मला नोंदी ठेवायची सवय आहे. स्वतःच्या वतीने बाबा स्टेजवर एक वाक्यही बोलल्याचं मला आठवत नाही.

शोकसभेच्या सकाळी त्यांनी राजीनामा लिहून कोटाच्या खिशात ठेवला.

"आधी श्रद्धांजली, मग हा वाचतो."

"आणि लोकांनी कोणाकडे बघायचं?" आईने विचारलं.

"शैला, मी नुसता उप. तो होता म्हणून होतो."

लंडनमधल्या हॅरोच्या हॉलमध्ये दोनशे माणसं आली होती. पुढच्या रांगेत मधुमतीकाकू, पद्माकरकाकांच्या पत्नी. बाबा माइकसमोर गेले.

"अध्यक्षांच्या वतीने..."

ते थांबले.

काकूंनी मान वर केली. "काय निरोप आहे, भावजी?" आवाजात राग नव्हता. दर सभेला विचारायच्या तसंच त्यांनी विचारलं.

बाबांनी माइकचा दांडा दोन्ही हातांनी धरला. "उशीर होतोय म्हणाला. सुरू कर म्हणाला."

"मग करा," काकू म्हणाल्या.

दोन मिनिटं मौन पाळायचं ठरलं होतं. मी घड्याळाकडे बघत होते. दोन झाली, तीन झाली. बाबा मान खाली घालून उभे होते, कोणीतरी थांबा म्हणेल याची वाट बघत. चार मिनिटं वीस सेकंदांनी त्यांच्या लक्षात आलं असावं, की ते आता त्यांनाच म्हणायचंय.

"बसा," ते म्हणाले.

सगळे बसले. बाबांचा हात कोटाच्या खिशापर्यंत गेला आणि रिकामाच परत आला.