दादाची सही

हिरवी खूण – पडद्याच्या कोपऱ्यात, तिळाएवढी – आणि तिच्यापुढे दादाच्या कंपनीचं नाव. तिनं डोळे मिटले, उघडले. नाव तिथंच. डिजिटल सही वैध; सही झाल्यानंतर फाईलमध्ये काही बदल नाही. लोकांच्या कॉम्प्युटरवर जाण्याआधी प्रोग्राम तपासणं हे तिचं काम; एरवी ही खूण दिसली की तिचा जीव भांड्यात पडायचा, फाईल पुढे सरकायची, चहाला उठता यायचं... आज तिनं तपासणी पुन्हा लावली. पुन्हा हिरवी. अगं बाई, एकदा तरी लाल हो ना!

कारण आत काय आहे ते तिनं सकाळीच पाहिलं होतं. दादाचा प्रोग्राम जुने फोटो तारखेवार लावून द्यायचा – साधा, गुणी, अगदी दादासारखा – पण या नव्या आवृत्तीत त्याच्या पाठीवर बसून दुसरंच काहीतरी घरात शिरत होतं: न विचारता जाहिराती उघडणारं, आणि प्रोग्राम काढून टाकला तरी मागे राहणारं. फिकट राखाडी अक्षरांत ‘मान्य आहे’, आणि चौकटीत खूण आधीच करून ठेवलेली. व्हायरस नव्हे, उठवूनही न उठणारा पाहुणा. असल्यांसाठीच तिच्यासमोर ते बटण होतं – ‘नकोसं’. ते दाबलं की ही फाईलच काय, या सहीची प्रत्येक फाईल जिथं तिथं अडवली जाणार. आणि दादाकडे दुसरं काही नाही. हा एकच प्रोग्राम, त्यासाठी वहिनीनंही नोकरी सोडलेली... नको, तो विचारच नको.

सही हमी तरी कशाची देते? कुणी पाठवलं, आणि वाटेत कुणी हात घातला नाही, एवढ्याचीच. डब्याचं सील शाबूत आहे म्हणून आतलं ताजं असतं थोडंच – नव्या पोरांना हे मीच शिकवते, आणि इथं मीच ते सील कुरतडत बसले आहे, तुटावं म्हणून. दादाची सहीची किल्ली, जिच्याशिवाय ही सही उमटतच नाही, ती कुणी चोरली असेल. चोरतात की! आपला भाऊ लुबाडला गेलेला असावा असं मनापासून वाटणारी मी कसली बहीण...

नात्यातली फाईल आली तर शेजारच्या टेबलावर द्यायची, असा इथला नियम. शेजारी ‘कातर’ बसायचा. हे नाव तिनंच ठेवलेलं. त्याच्या हाती गेलेलं सहसा वाचत नसे.

जिन्यात जाऊन तिनं दादाला फोन लावला.

“दादा, तुझी सहीची किल्ली... चोरीला वगैरे नाही ना गेली?”

“छे ग! माझ्या खणात, कुलपात असते. कुणाला हात लावू देत नाही मी. का ग?”

“मग नवी आवृत्ती – ते जाहिरातींचं घालून – तूच पाठवलीस?”

“नाहीतर काय भूत पाठवणार? अग, हल्ली सगळेच टाकतात असलं काहीतरी सोबत. कोण वाचतंय ती बारीक अक्षरं! आईच्या कॉम्प्युटरवरही टाकून दिलाय, फोटो बघत बसते बिचारी. बरं, जेवलीस का?”

जेवले, असं ती म्हणाली. जेवली नव्हती. फोन ठेवला तरी ती पायरीवरच उभी राहिली. आई... कालच फोनवर कानकोंडी होऊन म्हणत होती, माझ्याच हातून भलतं काहीतरी दाबलं गेलं बघ, सारख्या जाहिराती येतात. दादाला सांगू नकोस हं, ओरडेल मला.

ती टेबलाशी परतली तेव्हा कातरनं मान वळवली. “काय अडलंय एवढं? दे इकडे, उडवतो.”

“थांब,” ती म्हणाली. “हात लावू नकोस.”

थांब कशासाठी – दादाला वाचवायला, की हे दुसऱ्याच्या हातून व्हायला नको म्हणून – तिचं तिलाच कळेना. सकाळपासूनची छातीतली धडधड मात्र गेली होती. तिच्या जागी राग आला होता, चांगला सणसणीत, थोरल्या भावावर आजवर कधी काढला नव्हता असला. आणि त्या रागातच दादाबद्दल इतकी माया दाटून आली, की समोरचं काहीच तिला नीट वाचता येईना.