आडवा धरलेला फोन

पहिला ठोसा धाकट्याने मारला आणि तो थोरल्याच्या ओठावर बसला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, एवढंच नशीब. चारी भिंतींना आरसे असल्यामुळे दोघा भावांची मारामारी गावजत्रेएवढी दिसत होती. थोरल्याने धाकट्याची मान पकडून त्याला काच कापायच्या टेबलावर दाबलं.

"बापाच्या जागी आहे मी तुला!"

"मग बापाने पोराला कापून टाकायचं?" धाकटा टेबलावरूनच ओरडला.

कापलं होतं, पण व्हिडिओत. थोरल्याची मुलगी मार्केटिंग शिकून आली होती आणि दुकानाची जाहिरात तिने अंगावर घेतली होती. "आडवा व्हिडिओ टीव्हीला ठीक, बाबा. फोन कोण आडवा करत बसतंय? चौकोनी एक वेळ चालेल, पण उभाच धावतो. अख्खी स्क्रीन भरते." दोघे भाऊ शेजारी शेजारी मावावेत म्हणून तिने आधी आडवंच टिपलं होतं. ते उभ्या मापात बसवताना एकच माणूस मावत होता. तिने बोलणारा ठेवला. धाकट्याचं उरलं फक्त एक कोपर, कडेला हलत राहिलेलं.

खाली कुणीतरी लिहिलं, 'या कोपराला नाव आहे का?' बाजाराला तेवढंच हवं असतं. शेजारचा शिंपी त्याला 'कोपरसाहेब' म्हणू लागला. वडील गेल्यापासून थोरला गल्ल्यावर आणि धाकटा मागच्या टेबलावर, अशी वाटणी न बोलता झालेली होती. त्या रस्त्यावरच्या निम्म्या खिडक्या धाकट्याने कापलेल्या होत्या. लोकांचं हसणं त्याने गिळलं असतं. पण दादाही हसला, ते मात्र त्याच्या जिव्हारी लागलं.

वहिनीने लादी पुसायची बादली दोघांवर उपडी केली, तेव्हा कुठे ते सुटले.

"ठीक आहे," थोरला ओठाचं रक्त पुसत म्हणाला. "तुला दिसायचंय ना? उद्या तूच समोर. हातोडा तू मार."

मुलीला हे फारच पसंत पडलं. सहजी न फुटणाऱ्या टफन काचेमागे बाबा उभे, पुढून काका हातोडा मारणार आणि काच जशीच्या तशी! तेही लाइव्ह. "रेकॉर्ड केलेलं लोक पुढे सरकवतात. लाइव्हला थांबतात. काहीतरी होईल म्हणून."

एरवी ही करामत दाखवताना काच आडवी असे, खाली रबर लावलेल्या पट्ट्या. आता व्हिडिओची चौकट उभी, म्हणून काच उभी. पट्ट्या मळलेल्या होत्या, दिसायला वाईट, म्हणून मुलीने त्या काढून ठेवल्या. काच थेट फरशीवर आली. फोन सुरू झाला, तेव्हा धाकट्याचं लक्ष तिकडे गेलं.

"दादा, खाली पट्टी नाही. टफनची कडच नाजूक असते, ती अशी उघडी—"

"पुरे तुझं रडगाणं! लोक बघतायत." थोरल्याने फोनकडे पाहून हात जोडले. काचेला नाक लावून वाकुल्या दाखवल्या. "मंडळी, ओळखलंत का? हेच ते आमचं कोपर!"

स्क्रीनवर हसणारी तोंडं वर वर तरंगत गेली. धाकट्याच्या कानशिलात रक्त धावलं. हातोडा हलका मारायचा ठरलं होतं. त्याने खांद्यापासून मारला. खोटं कशाला सांगा, त्या घावात काचेवरचा राग नव्हता.

घावाने काच उसळली, कड फरशीवर आदळली आणि अख्खी काच खालून वर फुटत गेली. खड्यांचा सडा थोरल्याच्या तोंडावर उडाला. तो दोन्ही हातांनी डोळा दाबून खाली बसला आणि बोटांच्या फटींतून रक्त मनगटांवर आलं. "दिसत नाही रे! धाकट्या, मला दिसत नाही!"

धाकट्याने हातोडा फेकला तो थेट फोनवर. त्या क्षणापर्यंत बघणाऱ्यांचा आकडा वाढतच होता. मग तो काचेच्या खड्यांवर गुडघे टेकून दादाचे हात घट्ट धरून बसला. चोळू नको, चोळू नको, एवढंच म्हणत राहिला. त्याचे गुडघे फाटले होते, ते त्याला इस्पितळात कळलं.

उजवा डोळा गेला.

कुणीतरी व्हिडिओचा तेवढा तुकडा कापून पसरवला आणि दुकान दूरदूर ओळखीचं झालं. पोलीस आले तेव्हा धाकटा म्हणाला, "रागाने मारलं मी." डोळ्यावरच्या पट्टीखालून थोरला कडाडला, "गाढव आहे तो! हातोडा मार असं मीच सांगितलं होतं. लिहा तसं."

पट्टी सुटल्यावर थोरला दुकानात आला आणि म्हणाला, "एक व्हिडिओ करायचा. दुकान चालू आहे म्हणून सांगायचं." मुलीने रडत रडतच नवा फोन सवयीने उभा लावला. थोरल्याने पुढे होऊन तो आडवा केला.

"बाबा, आडवं कुणी बघत नाही."

"नको बघू दे."

तो जाग्यावर परत आला. धाकटा नेहमीसारखा त्याच्या उजव्या अंगाला उभा होता, आता दिसत नव्हतं त्या बाजूला. थोरल्याने मान न वळवता हात बाजूला नेला, थोडा वेळ हवेत चाचपडला. मग त्याला धाकट्याचं कोपर लागलं. ते त्याने घट्ट धरलं.

"हं, घे," तो मुलीला म्हणाला.